तरुण पगारदारांची शिल्लक : बचत आणि गुंतवणुकीच्या मार्गांचा आढावा

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत महिन्याचा खर्च भागवून जी रक्कम हाती उरते तिचे काय करावे, हा प्रश्न अलीकडे जवळजवळ एकाच अंगाने विचारला जातो, तो म्हणजे कोणत्या योजनेत परतावा अधिक. दोन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातील पगारदार कुटुंबापुढे निवडीचा एवढा पसारा नव्हता. पोस्टातील आवर्ती ठेव, आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी, पगारदार नोकरांची पतसंस्था, ओळखीपाळखीतली भिशी आणि सणासुदीला घेतलेले सोने एवढ्यात बहुतेकांची बचत सामावत असे, आणि सरकारी नोकरी असल्यास उतारवयाची सोय निवृत्तिवेतन पाहत असे. ही व्यवस्था दोन बाजूंनी बदलली. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांना अंशदानावर आधारित योजना लागू केली आणि खासगी नोकरीत ठरावीक निवृत्तिवेतन पूर्वीही क्वचितच होते, त्यामुळे म्हातारपणाची तरतूद हा ज्याचा त्याचा प्रश्न झाला. दुसरीकडे शेअर बाजार, म्युच्युअल फंड आणि त्यांतील अतिशय जोखमीचे प्रकारही मोबाइलवरून कोणालाही काही मिनिटांत खुले झाले. जबाबदारी आणि मोह असे एकदमच वाढल्याने या विषयावरचा सल्लाही उदंड झाला, परंतु त्यातील बराचसा सल्ला योजना विकणाऱ्यांकडून येतो, आणि म्हणूनच तो परताव्याच्या टक्केवारीपाशी सुरू होऊन तिथेच संपतो.

पहिल्या काही वर्षांपुरते पाहिले तर ही टक्केवारी समजली जाते तितकी निर्णायक नसते, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. महिन्याला ५,००० रुपये पाच वर्षे साठवले आणि त्यावर वर्षाला ७ टक्के दराने मासिक चक्रवाढ व्याज मिळाले, तर सुमारे ३ लाख ५८ हजार रुपये जमतात. तेच १२ टक्के मिळाले असे धरले तर सुमारे ४ लाख ८ हजार होतात. म्हणजे बरीच अधिक जोखीम पत्करून आणि नशिबाने साथ दिल्यावर पाच वर्षांत पडलेला फरक साधारण ५० हजारांचा असतो. याउलट दर ७ टक्केच ठेवून मासिक रक्कम ५,००० ऐवजी ६,००० केली, तर जमा सुमारे ४ लाख ३० हजारांवर जाते. बचतीची रक्कम लहान आणि काळ थोडा असतो तोवर परताव्यापेक्षा बचतीचे प्रमाणच अधिक काम करते. परताव्याच्या दराला खरे महत्त्व येते ते पंधरा-वीस वर्षांनंतर, जेव्हा साठलेली रक्कम दर महिन्याच्या भरण्याहून कितीतरी मोठी झालेली असते. तरुण पगारदाराने पहिल्या वर्षांत ‘सर्वोत्तम’ योजना शोधण्यात जितकी शक्ती घालवलेली दिसते, तितकी पगारवाढ होताच बचतही त्या प्रमाणात वाढवण्याकडे लावली तर लाभ अधिक होईल, असा या हिशेबाचा सरळ अर्थ आहे.

तथापि शिल्लक कशाला म्हणावे हेच अनेकदा स्पष्ट नसते. पहिल्या पिढीतील पदवीधर शहरात नोकरीला लागतो तेव्हा त्याच्या पगारावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता, गावाकडे पाठवायची रक्कम, धाकट्या भावंडांचे शिक्षण असे हक्क आधीच लागलेले असतात, आणि गुंतवणुकीच्या पुस्तकांतील पगाराची ठरावीक टक्केवारी वाचवण्याचा नियम त्याच्या घरी लागू पडत नाही. घरी पाठवलेला पैसा हा खर्च नसून अनेकदा कुटुंबाची एकमेव विमा-व्यवस्था असतो, याची दखल हे पुस्तकी नियम घेत नाहीत. कर्जाबाबत मात्र नियम स्वच्छ आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जाणाऱ्या दराने वाढते, आणि इतका खात्रीचा परतावा देणारी कोणतीही गुंतवणूक उपलब्ध नसल्याने ती थकबाकी फेडणे हीच त्या महिन्याची सर्वांत लाभदायक गुंतवणूक ठरते. कमी व्याजाचे शैक्षणिक कर्ज या न्यायाने घाईने फेडलेच पाहिजे असे नाही.

कर्जानंतर येते ती अडीअडचणीची गंगाजळी, म्हणजे नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तर तीन ते सहा महिने घर चालेल इतकी रक्कम. तिच्याकडून परताव्याची अपेक्षा नसते. ती हव्या त्या दिवशी आणि पूर्ण मिळावी, एवढीच अट असते. बचत खाते, मुदत ठेव, किंवा ठरावीक मर्यादेवरील शिलकीची आपोआप मुदत ठेव करणारे खाते ही तिची योग्य ठिकाणे होत. येथे बँकेची निवड हा महाराष्ट्रात विशेष विचाराचा विषय आहे, कारण सहकारी बँका आणि पतसंस्था यांचे जाळे या राज्यात फार दाट आहे, त्यांचा दर राष्ट्रीयीकृत बँकांपेक्षा अर्धा-एक टक्का अधिक असतो, आणि त्यांच्याशी ठेवीदाराचे नाते पुष्कळदा ओळखीचे, गावाचे किंवा ज्ञातीचे असते. ठेव विम्याची व्यवस्था या नात्यावर चालत नाही. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १९६१ च्या कायद्याने ही व्यवस्था आली आणि पुढे ती सहकारी बँकांनाही लागू झाली. तिच्याखाली एका ठेवीदाराच्या एका बँकेतील सर्व शाखांमधील ठेवी व्याजासह मिळून जी रक्कम होते तिला ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षण मिळते. ही मर्यादा १९९३ पासून एक लाख रुपये होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. या वाढीमागे ताजा अनुभव होता. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती, आणि २०२२ मध्ये त्या बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले तेव्हाही मोठ्या ठेवींची परतफेड अनेक वर्षांवर विभागली गेली. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ पासून निर्बंध होते आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. २०२१ च्या दुरुस्तीमुळे आता निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विमा-संरक्षित रक्कम ठेवीदाराच्या हाती पडावी अशी तरतूद आहे, ही मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे.

पतसंस्थांना हा विमा लागू नाही. नावात ‘सहकारी’ हा शब्द आणि दारावर तशाच प्रकारची पाटी असली, तरी पतसंस्था ही कायद्याने बँक नसते, रिझर्व्ह बँकेचे तिच्यावर थेट नियंत्रण नसते आणि ती अडचणीत आल्यास ठेव विमा महामंडळ पैसे देत नाही. शेकडो पतसंस्था चोख चालतात हेही तितकेच खरे आहे. सहकारी चळवळीने सावकारीच्या विळख्यातून अनेकांना सोडवले आहे, आणि पगारातून परस्पर वर्गणी कापणाऱ्या नोकरदारांच्या पतसंस्थेने तर कित्येकांना बचतीची पहिली सवय लावली. प्रश्न तिच्या हेतूचा नसून अडचणीच्या काळाची रक्कम तिथे ठेवावी की नाही एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे. भिशीचेही तसेच. ठरावीक माणसांनी दर महिन्याला वर्गणी काढून ती पाळीपाळीने एकेकाला देण्याची ही पद्धत शिस्त लावते आणि घरातील कार्यासाठी एकरकमी पैसे उभे करते, पण तिची सुरक्षितता केवळ सभासदांच्या शब्दावर असते. याच विश्वासाचा गैरफायदा घेऊन दरमहा किंवा दर आठवड्याला ठरावीक आणि अवास्तव परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या योजना राज्यात पुन्हा पुन्हा निघतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत उघडकीला आलेले टोरेस प्रकरण हे त्याचे अलीकडील उदाहरण. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९९९ पासून अस्तित्वात आहे आणि त्याखाली प्रवर्तकांची मालमत्ता जप्तही होते, परंतु जप्तीतून ठेवीदारापर्यंत पैसा पोचायला लागणारा काळ पाहता तो कायदा गुंतवणुकीचा आधार समजता येत नाही.

विमा हा बचतीचा प्रकार मानण्याची सवय आपल्याकडे खोल आहे, आणि तिला इतिहास आहे. जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा नभोवाणीवरून केली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. ज्या काळात सामान्य पगारदाराला दीर्घ मुदतीचे दुसरे सुरक्षित साधन क्वचितच मिळे, त्या काळात विमा आणि बचत यांची एकत्र मोट बांधणारी पॉलिसी उपयोगी होती. आज तसे राहिलेले नाही. अशा पारंपरिक पॉलिसींचा परतावा सामान्यतः चार ते सहा टक्क्यांच्या दरम्यान पडतो आणि पहिल्या वर्षांत मोडल्यास भरलेल्या पैशातला मोठा भाग बुडतो. ज्याच्यावर कोणी अवलंबून आहे त्याने केवळ मृत्यूची जोखीम उचलणारा, मुदतीअखेर काहीही परत न देणारा मुदत विमा घ्यावा आणि बचत वेगळी करावी, हे विमा आणि बचत या दोन्ही दृष्टींनी स्वस्त पडते. शिवाय वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. ज्याच्यावर कोणीच अवलंबून नाही अशा अविवाहित तरुणाला आयुर्विम्याची घाई नाही, मात्र आरोग्य विम्याची आहे, कारण कंपनीने दिलेले आरोग्य संरक्षण नोकरीबरोबर सुटते.

पॉलिसी विकण्याचे एक जुने निमित्त म्हणजे प्राप्तिकर. जुन्या करप्रणालीत कलम ८०सी नुसार भविष्यनिर्वाह निधी, विमा हप्ता, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र इत्यादींत गुंतवलेले दीड लाखापर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते, आणि त्यामुळे फेब्रुवारी-मार्च महिन्यांत घाईघाईने काहीतरी घेणे हा पगारदारांचा वार्षिक विधी झाला होता. नवी करप्रणाली आता मूळ पर्याय आहे, तिच्यात ही सवलत नाही, आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून तिच्याखाली पगारदाराला पाऊण लाखाच्या प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर भरावा लागत नाही. नोकरीला नव्याने लागलेल्यांपैकी बहुसंख्य या मर्यादेच्या आतच असतात. त्यांच्यापुरते तरी कर वाचवण्यासाठी गुंतवणूक हे कारण संपलेले आहे. ते अजून सांगितले जाते ही वेगळी गोष्ट.

कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी हा पगारातून परस्पर कापला जात असल्याने त्याची गणना बचतीत होत नाही, आणि येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. १९५२ च्या कायद्याने सुरू झालेल्या या निधीत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कर्मचारी भरतो आणि तितकीच मालक भरतो. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के भाग, पण १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे कमाल १,२५० रुपये, निवृत्तिवेतन योजनेकडे जातो. मूळ वेतन २५,००० असेल आणि वर्गणी पूर्ण वेतनावर कापली जात असेल, तर दरमहा ३,००० अधिक १,७५० असे ४,७५० रुपये निधीत जमा होतात. अनेक खासगी कंपन्या मात्र वर्गणी १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० रुपयेच कापतात, म्हणून पगारपत्रक वाचल्याशिवाय ही रक्कम गृहीत धरता येत नाही. २०२४-२५ साठी या निधीवर ८.२५ टक्के व्याज मिळाले, आणि कर्मचाऱ्याची वार्षिक वर्गणी अडीच लाखांच्या आत असेल तर ते करमुक्त असते. इतक्या सुरक्षिततेसह हा दर दुसरीकडे सापडणे कठीण आहे. असे असूनही नोकरी बदलताना निधी काढून घेण्याची प्रथा आहे. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढल्यास त्यावर कर बसतो, निवृत्तिवेतनासाठी लागणारा दहा वर्षांचा सेवाकाळ तुटतो आणि चक्रवाढीची सुरुवात पुन्हा शून्यापासून होते. सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे निधी नव्या नोकरीकडे वळवणे आता सोपे असल्याने या सवयीला सबब उरलेली नाही.

ज्याला असा निधी नाही, उदाहरणार्थ करारावर काम करणारा किंवा स्वतःचा व्यवसाय असणारा, त्याच्यासाठी सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, मुदत पंधरा वर्षांची असते आणि व्याज करमुक्त असते. दर एप्रिल २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत ७.१ टक्के राहिला. नव्वदच्या दशकात तो १२ टक्के होता, पण तेव्हा महागाईही तशीच होती, त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेल्या त्या जुन्या दराचे दुःख वाटते तितके करण्याजोगे नाही. पाच तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही, हा बारकावा मात्र लक्षात ठेवण्यासारखा. पोस्टाच्या इतर योजना सुरक्षित आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेकींचे व्याज करपात्र असते.

महागाईचा विचार येथे आणणे भाग आहे. ग्राहक किंमत निर्देशांकावर मोजलेली महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के खाली किंवा वर, ठेवण्याचे उद्दिष्ट २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेला कायद्याने दिले गेले. ठेवीवरचे करोत्तर व्याज महागाईच्या थोडे वर किंवा थोडे खाली राहते, म्हणजे ठेव पैशाची किंमत टिकवते पण फारशी वाढवत नाही. दीर्घ मुदतीसाठी समभागांकडे, म्हणजे कंपन्यांच्या मालकीतील छोट्या वाट्यांकडे, वळण्याचे कारण हेच. म्युच्युअल फंड अनेकांचा पैसा एकत्र करून असे समभाग घेतो, आणि निर्देशांक फंड तर निवडीची हुशारी न करता सेन्सेक्स किंवा निफ्टी या बाजार-निर्देशांकांतील कंपन्या त्यांच्या भारानुसार विकत घेतो. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याच्या पद्धतीला ‘एसआयपी’ म्हणतात. ती योजना नव्हे, भरण्याची रीत आहे, आणि तिच्यामुळे तोटा टळतो हा समज चुकीचा आहे.

विक्रीच्या तक्त्यांत ३० वर्षांत कोटी रुपये दाखवले जातात. महिन्याला ५,००० रुपये १० टक्क्यांनी तीस वर्षे वाढले तर खरोखरच सुमारे १ कोटी १३ लाख होतात, पण महागाई ६ टक्के धरली तर त्यांची आजच्या पैशातील किंमत वीस लाखांच्या आत भरते, आणि हे दुसरे वाक्य तक्त्यात नसते. बाजार सरळ रेषेत चढत नाही हेही तिथे नसते. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ गेला होता आणि अकरा वर्षांनी, २००३ च्या एप्रिलमध्ये, तो तीन हजारांच्या आसपास होता. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांना पोचलेला हाच निर्देशांक त्याच वर्षी निम्म्याहून खाली आला, आणि २०२० मध्ये दोन-अडीच महिन्यांत ४२ हजारांवरून २६ हजारांखाली गेला. आज विशीत असलेल्या गुंतवणूकदारांनी २०२० नंतरची झपाट्याची चढण पाहिली आहे, अकरा वर्षांची पठारावस्था पाहिलेली नाही. म्हणून सात-आठ वर्षांच्या आत लागणारा पैसा समभागांत नसावा, हा मोघम वाटणारा सल्ला खरे तर फार मोलाचा आहे.

खर्चाचा भाग कमी बोलला जातो. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडात दलालीविना थेट गुंतवणुकीचा प्रकार उपलब्ध आहे, आणि दलालीसह व दलालीविना यांतील फरक समभाग फंडांत वर्षाला एक टक्क्यापर्यंत जातो. वरच्याच उदाहरणात १० ऐवजी ९ टक्के वाढ धरली तर तीस वर्षांअखेरची रक्कम सुमारे साडेएक्क्याण्णव लाख होते, म्हणजे एका टक्क्याची किंमत एकवीस लाखांहून अधिक पडते. ज्याला घाबरून मध्येच विकण्यापासून थोपवणारा चांगला सल्लागार मिळाला आहे त्याला ही किंमत कदाचित जड वाटणार नाही, इतरांना वाटावी.

समभागांतील दीर्घ गुंतवणूक आणि फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार यांना एकाच नावाने ओळखणे हा आजच्या चर्चेतला सर्वांत घातक घोटाळा आहे. पुढील तारखेचा भाव आधी ठरवून केलेले किंवा तसा केवळ हक्क विकत घेतलेले हे करार मुळात जोखीम वाटून घेण्यासाठी आहेत. छोट्या रकमेत मोठा डाव लावता येत असल्याने त्यांचा जुगार होतो. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. तिशीच्या आतील लोकांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. या आकड्यांनंतर त्याबद्दल समतोल लिहिण्याचे कारण उरत नाही.

सोने आणि घर या दोन गोष्टी भावनेशी जोडलेल्या आहेत. सोन्याने अलीकडे डोळे दिपवणारी वाढ दिली असली तरी २०१२ ते २०१८ या काळात तोळ्याचा भाव तीस हजारांच्या आसपासच रेंगाळत होता, आणि दागिन्यांत घडणावळ व ३ टक्के कर वाया जातो. घराबाबत एवढेच की ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतल्यास हप्ता ४३ हजारांवर आणि एकूण व्याज ५४ लाखांवर जाते, तर मोठ्या शहरांत वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या दोन ते चार टक्केच असते. राहण्यासाठी घर घ्यावेसे वाटणे योग्य आहे. नोकरीचे गाव ठरण्याआधी गुंतवणूक म्हणून ते घेणे मात्र हिशेबात बसत नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना २००९ पासून सर्वांना खुली असून खर्चाने अतिशय स्वस्त आहे, परंतु पैसा दीर्घकाळ बहुतांशी अडकतो आणि एका हिश्श्यातून आयुष्यभराची वार्षिकी घ्यावी लागते, त्यामुळे मालक स्वतःचा वाटा घालत असेल तेव्हाच तरुणाने तिचा आधी विचार करावा.

एवढ्या साधनांतून सामान्य तरुण पगारदाराला प्रत्यक्षात लागतात ती तीन-चारच : विमा-संरक्षित बँकेतील गंगाजळी, न मोडलेला भविष्यनिर्वाह निधी, आरोग्य विमा आणि कमी खर्चाचा निर्देशांक फंड. कोणतेही खाते उघडताना वारसाचे नामनिर्देशन भरणे मात्र राहून जाते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते; आणि कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीत कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर रद्द ठरत असल्याने लग्नानंतर ते नव्याने भरावे लागते.